खंडेनवमीचं फूल

सीडीचे दिवस सरत आले होते, तेव्हाची गोष्ट. करंदीकरांच्या दिवाणखान्यात खंडेनवमीला नवा डिजिटल प्लेअर आला आणि जुना सीडी प्लेअर कपाटावर गेला. झेंडूचं पहिलं फूल मात्र करंदीकरांनी जुन्यालाच वाहिलं. म्हणाले, "आज पूजा. आज कुणाला राबवायचं नाही."

"गाणी तर माझ्यापाशी आहेत," नवा फुरंगटला. दिवसभर त्याने आकडे लुकलुकवले, पण स्पीकरची तार जोडलेली नव्हती. आवाज फुटेना.

दसऱ्याला तार जोडली आणि तानपुऱ्याने खोली भरली.

"स्पीकरदादा, हा आवाज माझा?"

"तुझा आणि आमचा. वीस वर्षं आमच्याकडून रियाज त्याने करून घेतला," कपाटाकडे बघत स्पीकर म्हणाला.

नव्यानेही वर कपाटावरच्या जुन्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "जरा मोठ्याने वाजू या. त्यांना तिथवर ऐकू जायला हवं."