माळावर कुणी नसतं

"पण मला अडवणारी ती बाई कोण?" वैजनाथने विचारलं.

विचारताना त्याला धाप लागली होती. बाबांच्या टेकडीला पायऱ्या नाहीत, आणि रागाने चढणाऱ्याला ती दुप्पट उंच लागते.

वायरमनबाबा देवळाच्या ओट्यावर बसून सुपात हुलगे निवडत होते.

"पाणी पी," ते म्हणाले.

"पाणी नको. उत्तर द्या."

"मग बस तरी."

तो बसला नाही.

बाबांचं खरं नाव भागुजी लांघी. एकतीस वर्षं त्यांनी या डोंगरपट्ट्यात वायरमनची नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर टेकडीवरच्या बिनपुजाऱ्याच्या देवळात येऊन राहिले. भगवं त्यांनी कधी घातलं नाही. दाढी तेवढी वाढली, बाकीचं लोकांनीच ठरवून टाकलं. पट्ट्यातल्या सात गावांत कुठं काही अडलं, की माणसं टेकडी चढत. बाबा फार बोलत नसत, त्यामुळे त्यांचं चुकतही कमी असे.

वैजनाथ भातांब्रे लातूरचा. शिकलेला, हुशार, आणि आपण हुशार आहोत हे त्याला दुसऱ्या कुणी सांगावं लागत नसे. तालुक्याच्या दवाखान्यातून घाटमाथ्यावरच्या शेंडेवाडीपर्यंत, छत्तीस किलोमीटर, ड्रोनने साप चावल्यावरचं इंजेक्शन पोहोचवायचं, या एका कामासाठी त्याने दोन वर्षं घासली होती. जीपने तिथं जायला अडीच तास लागत. गेल्या पावसाळ्यात दोन माणसं त्या जीपमध्येच गेली. म्हणजे काम चांगलं होतं, माणूसही वाईट नव्हता.

आज त्याची चाचणी होती. परवानगी द्यायची की नाही ते ठरवायला अधिकारी आले होते. आणि ड्रोन शेंडेवाडीला पोहोचलाच नाही.

"काय झालं ते नीट सांग," बाबा म्हणाले.

"घाटावर वारा समोरून आला. धरला होता त्यापेक्षा बराच जास्त. बॅटरी भराभर उतरली. अशा वेळी काय करायचं ते यंत्राला शिकवलेलं आहे. वाटेतली सगळ्यात जवळची मोकळी जागा गाठायची आणि उतरायचं. करपेवाडीच्या माळावर ते बरोबर खाली यायला लागलं."

"मग?"

"मग तुमच्या झुंबराबाईंनी लाल बटण दाबलं!"

लाल बटण ही बाबांचीच करणी. दोन महिन्यांपूर्वी वैजनाथ त्यांच्याकडे आला होता तो दऱ्यांवरून जाणाऱ्या तारा कुठं कुठं आहेत ते विचारायला. बाबांनी एकूण एक तार सांगितली आणि वर एक अट घातली. हे यंत्र अडीअडचणीला जिथं जिथं उतरणार, तिथल्या एका माणसाच्या मोबाइलवर एक बटण द्यायचं. त्याने ते दाबलं, की यंत्राने तिथं उतरायचं नाही, पुढची जागा बघायची. अट मान्य असेल तर सातही गावं हो म्हणतील.

वैजनाथने मान्य केली, कारण दुसरा इलाज नव्हता. बटणं त्याने बसवली, करपेवाडीचं झुंबराबाईंच्या मोबाइलवर. पण मनातून ती बाबांच्या समाधानासाठी होती.

"यंत्र तिथून वर आलं, दीड किलोमीटरवरच्या कोरड्या तळ्यात गेलं," तो म्हणाला. "जेमतेम पोहोचलं. उतारावर टेकलं आणि कलंडलं. एक पाय मोडला, दोन पाती तुटली. सगळे अधिकारी पडद्यावर बघत होते... माझं नाक कापलं गेलं, बाबा."

बाबांनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

"हाय की जागच्या जागी."

"चेष्टा नको. उद्या सकाळी मला लेखी खुलासा द्यायचा आहे. बटणामुळे झालं, असंच मी लिहिणार. बटणं काढून टाकतो म्हटलं की परवानगी मिळेल. तुम्ही फक्त गावांना सांगा, की काढली तरी चालतील."

एवढ्यासाठीच तो टेकडी चढून आला होता.

बाबांनी हुलग्यातला एक खडा उचलून बाजूला टाकला.

"माळच का निवडलास?"

"तिथं कुणी नसतं. झाड नाही, पीक नाही, तार नाही. सपाट कातळ. नकाशावर बघून ठरवलं नाही मी, तीनदा स्वतः गेलोय. चिटपाखरू नसतं."

"कधी गेलतास?"

"जुलैत. मग सप्टेंबरात. एकदा डिसेंबरात."

"हं..."

वैजनाथला वाटलं, आता होकार येतोय.

"झुंबराला इचारलंस का, बटण का दाबलं म्हणून?"

"त्यात काय विचारायचं? घाबरल्या असतील. घोंघों आवाज आला, डोक्यावर काहीतरी दिसलं, दाबलं बटण. त्यांना वारा कळत नाही, बॅटरी कळत नाही. माझ्या यंत्रात तीन संगणक आहेत, बाबा, ते एकमेकांना तपासतात. ज्याला कळतं त्याने ठरवायचं असतं."

बाबांनी उजवा हात त्याच्यासमोर धरला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, दोन्ही मुळापासून नव्हती. हे सगळ्या पट्ट्याला माहीत होतं, पण बोटं कशी गेली ते विचारायची कुणाची छाती होत नसे.

"खांबावर चढायच्या आधी मी डीपीतले तिन्ही फ्यूज काढायचो," ते म्हणाले. "काढून कुठं ठिवायचो?"

"कुठं?"

"खिशात. माझ्या. मी वर, तर फ्यूज बी वर. खाली कितीबी शहाणा उभा असू दे, त्याला लाईन चालू करताच यायची न्हाई."

"हे ठीक आहे."

"एकदा खाली साहेब व्हते. शिकलेले, लई भले. म्हणले, भागुजी, दे माझ्याकडं, मी हितंच उभा आहे. दिले."

"मग?"

"गावातनं कुणीतरी बोलवाय आलं. साहेब दोन मिनटं तिकडं गेले. परत आले, खांबावर बघितलं, मी झाडाच्या पानांआड व्हतो. त्यांना वाटलं, भागुजी उतरला. फ्यूज बसवले."

"निष्काळजी माणूस."

"न्हाई रे. लई काळजीचा. दवाखान्यात मला बघून ढसाढसा रडला." बाबांनी हात मागे घेतला. "त्याला माझ्यापेक्षा जास्तच कळायचं. पन खांबावर मी व्हतो."

वैजनाथचा आवाज उतरला. पटलं म्हणून नव्हे, पण त्या हातापुढे वाद घालणं त्याला बरं दिसेना. तो म्हणाला,

"तुमचं वेगळं होतं, बाबा. माळावर कुणीच नव्हतं."

"मग लाव की झुंबराला फोन."

त्याने मोबाइल काढला. झुंबराबाईंचे पाच फोन येऊन गेले होते, आणि पाचही त्याने रागाने कापले होते. ते बाबांना दिसू नये म्हणून त्याने मोबाइल जरा तिरका धरला.

पहिल्याच रिंगला बाईंनी उचलला.

"साहेब! आवो, कवाच्याची लावते मी फोन. मोडलं का हो तुमचं यंत्र? लई लागलं का त्याला?"

"बटण का दाबलंत?" तो कोरडेपणाने म्हणाला.

"का म्हंजी? खाली बाया व्हत्या ना!"

"...कुठं?"

"माळावर. कुरडया घालाय. चैत्र न्हाई का लागला, साहेब! कातळ तापाय लागला की आख्ख्या करपेवाडीच्या बाया तिथंच असत्यात. वीस-बावीस जणी, समद्या खाली वाकलेल्या. तान्ही पोरं लुगड्याच्या सावलीत निजवलेली."

"तुम्ही त्यांना आधी सांगितलं नाहीत?"

"तुमीच म्हणला व्हता ना, ते वरच्या वर निघून जाईल, उतरायचं न्हाई म्हणून? मी आपली कडेला बसले व्हते. बघते तर ते खाली याय लागलं. मी बोंबलले. पन पल्याड खडीची मशीन चालू, तिच्या घरघरीत कुणाला काय ऐकू येतंय? कुणी मान वर करंना. अन् ते तर नीट त्यांच्या टाळक्यावर... मग काय करू? दाबलं."



यंत्र अठरा किलोचं होतं. पाती किती धारेची असतात ते त्याच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं, एकदा नुसती चाचपताना त्याचा अंगठा फाटला होता. त्याला वीस-बावीस वाकलेल्या पाठी दिसल्या, आणि लुगड्याच्या सावलीतली पोरं.

तो ओट्यावर, सुपाशेजारी, खाली बसला.

"कुणाला... कुणाला लागलं नाही ना?"

"छ्या! कुणाला कळलंसुदिक न्हाई. मी मागनं सांगितलं तर हसाय लागल्या. म्हणल्या, झुंबरा, तुला ऊन लागलं. पन साहेब, तुमचं एवढं महागाचं यंत्र..."

"मोडू दे," तो म्हणाला. "मोडू दे हो, मावशी."

त्याने "येतो मी तिकडं" एवढंच म्हटलं आणि फोन ठेवला.

दिवसभर छातीत धरून ठेवलेला राग कुठं गेला ते त्यालाच कळेना. इतकं हलकं त्याला परीक्षेत पहिला आल्यावरही वाटलं नव्हतं. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि हसूही येत होतं. चाचणी फसली होती, अधिकारी नाराज होते, यंत्र तळ्यात लंगडं पडलं होतं, आणि हे सगळं झालं म्हणून तो मनापासून खूश होता.

बाबांनी तांब्या पुढे सरकवला. आता तो घटाघटा प्यायला.

"खुलाशात काय लिव्हनार?"

"झालं ते. माझी जागा चुकली, बटणाने वाचवलं."

"परवानगी न्हाई मिळाली तर?"

"पुन्हा मागेन. पावसाला अजून दोन महिने आहेत." तो तोंड पुसत म्हणाला. "आधी सातही गावं फिरतो. कुठल्या महिन्यात कुठल्या जागी कोण असतं, ते तिथल्या माणसांना विचारतो. आणि उड्डाणाच्या आधी प्रत्येक जागेवरून हो आल्याशिवाय यंत्र उचलणार नाही. एकाने जरी नाही म्हटलं, तरी नाही."

"हं," बाबा म्हणाले.

ऊन कलायला लागलं होतं. टेकडीवरून करपेवाडीचा माळ दिसत होता, आणि त्या एवढ्या मोठ्या कातळावर लाल-पिवळी लुगडी पसरलेली होती. सकाळपासून ती तिथंच होती. चढून आला तेव्हाही त्याने तिकडे पाहिलं नव्हतं.

वैजनाथ उठला आणि बाबांच्या पायांवर वाकला.

बाबांनी पाय झटकन मागे घेतले.

"माझ्या न्हाई."

"मावशींच्या पडणारच आहे, बाबा. तिकडंच निघालोय."

"तिच्याबी पड. पन आधी माळावर जा. बाया कुरडया गोळा करत असतील. त्यांना इचार, आज सकाळी हितं काय झालं..."

"त्यांना कुठं काय माहीत आहे?"

बाबांनी सूप पुन्हा मांडीवर ओढलं.

"'काहीच न्हाई' म्हणल्या, की त्यांच्या पाया पड."