गळक्या पखालीची बाग

पूर्वी शिलावती नगरात ध्रुवसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व पखाल वाहणाऱ्या रेड्याच्या जन्माला आले. नगर होते खडकाळ माळावर. साऱ्या गावाला मिळून एकच बारव. तिचे पाणी गोमा नावाचा पखालजी मोठ्या कातडी पिशवीत भरी आणि रेड्याच्या पाठीवरून घरोघर पोचवी. गोमाची ती पखाल जुनी होती. एका कोपऱ्याला गळायची. फार नाही, थेंब थेंब. शिवून घेतो, शिवून घेतो म्हणता म्हणता तीन वर्षे गेली होती.

त्या नगराचा एक रिवाज होता. ज्या घरी तान्हे मूल असेल, दिवसाची पहिली पखाल त्या घरी. राजवाड्याची पाळीही त्यानंतर. रेड्याला हे इतके अंगवळणी पडले होते की तान्ह्याचे रडणे कानावर आले की तो आपणहून त्या दाराकडे वळे.

तिथेच रत्नपाल नावाचा श्रेष्ठी राहत असे. माणूस वाईट नव्हता बरं का. पण व्यापाराच्या निमित्ताने तो एकदा हिमालयाच्या पायथ्याशी गेला, तिथली मऊ हिरवळ त्याने पाहिली, आणि तिथेच त्याचे डोके फिरले. परत येताना त्याने आठ गाड्या भरून गवत आणि नाजूक फुलझाडे आणली. अंगणात आजोबांच्या वेळची तरवड, करवंद, अडुळसा अशी झाडे होती. ती त्याने मुळांच्या मातीसकट उपटून मागच्या भिंतीपलीकडे फेकून दिली. बायको म्हणाली, अहो, ती बिचारी काही न मागता जगत होती. श्रेष्ठी म्हणाला, म्हणूनच ती गावंढळ दिसतात.

मग सुरू झाली पाण्याची रड. पहिल्या वर्षी बागेला रोज तीन पखाली लागल्या, दुसऱ्या वर्षी नऊ. ऊन चढले की श्रेष्ठी हातात पंखा घेऊन गवताला वारा घाली. त्याच्या बायकोने सांगितले की लग्नाला वीस वर्षे झाली, आपल्याला असा वारा कधी कोणी घातला नाही.

गोमा पाणी घेऊन येई ते मागच्या दाराने. दार उघडायला श्रेष्ठीच्या घरचे नोकर बराच वेळ लावीत. तोवर रेडा भिंतीपलीकडे त्या फेकलेल्या झाडांमध्ये उभा राही आणि पखाल गळत राही. उघड्या पडलेल्या मुळांवर तो पायाने थोडी माती सारी. खताचे म्हणाल, तर रेड्याला जे देता येते ते तो रोज देत असे.

दुसऱ्या चैत्रात राजाने निरोप धाडला की अमुक दिवशी बाग पाहायला येतो, मनासारखी असली तर रत्नपालाला नगरश्रेष्ठीची पगडी देतो. श्रेष्ठीला दोन रात्री झोप लागली नाही. आणि नेमकी राजा यायच्या दिवशी सकाळी बारव आटली. तळाशी खरवडून एक पखाल भरली, तेवढीच.

श्रेष्ठीचे बोलावणे आले की ती पखाल सरळ बागेत आण. गोमाची झोपडी श्रेष्ठीच्या जागेत होती, तो काय बोलणार? पण वाटेत कुंभाराच्या घरी तीन दिवसांचे मूल रडत होते. आईचा रांजण रात्रीच कोरडा पडलेला, अंगावर दूध उतरेना. रेडा वळला, कुंभाराच्या दारात गेला आणि पखालीसकट फतकल मारून बसला.

श्रेष्ठी धावत आला. त्याने गूळ दिला. रेड्याने गूळ खाल्ला. त्याने शेपूट पिळले. रेडा रवंथ करू लागला. शेवटी श्रेष्ठीने भर रस्त्यात हात जोडले.

"रेडेबुवा, आजचा एक दिवस. उद्यापासून तुम्ही म्हणाल तसं."

गोमाने श्रेष्ठीकडे पाहिले, मग रांजणाकडे पाहिले.

"शेठजी, हा उठत नाही," तो म्हणाला. "आणि खरं सांगू, मलाही उठवावंसं वाटत नाही."

असे म्हणून त्याने पखालीचे तोंड सोडले आणि सगळे पाणी बाळंतिणीच्या रांजणात ओतले.

दुपारी राजा आला. बाग जुन्या चटईसारखी पिवळी पडली होती. श्रेष्ठी म्हणाला, महाराज, ती दुपारची जरा पडली आहे. राजा भला माणूस, हसला नाही. बसल्या बसल्या त्याने पाहिले की मधमाश्या बागेवरून तशाच पुढे जातात आणि भिंतीपलीकडे उतरतात. तिथे काय आहे ते पाहायला राजा उठला.

भिंतीपलीकडे तरवड सोन्यासारखा फुलला होता. करवंदीच्या जाळीला पांढरी फुले होती, अडुळशात पाखरे भांडत होती. आणि मधल्या सावलीत, रिकामी पखाल पाठीवर घेऊन, रेडा उभा होता.

"इथला माळी कोण?" राजाने विचारले.

तेव्हा रेडाच बोलला.

"महाराज, माळी कोणी नाही. शेठजींनी पाहुण्यांना पंगतीला बसवलं आणि घरच्यांना बाहेर काढलं. ही घरची मंडळी. माझी पखाल गळते, तेवढ्यावर यांचं भागलं."

श्रेष्ठी रेड्यासमोर येऊन उभा राहिला.

"अरे, तुला बोलता येतं, मग दोन वर्षं गप्प का?"

"शेठजी, तुम्ही मला विचारलंत ते आज. आणि आजही पाणीच मागितलंत."

राजाने पगडी रेड्याला देऊ केली. शिंगांमुळे ती बसेना. हार घातला, तो त्याने खाल्ला. मग माग काय हवे ते, असे राजा म्हणाला, तेव्हा रेड्याने दोन गोष्टी मागितल्या. पहिली पखाल तान्ह्याच्या घरची, ती कोणी वळवू नये. आणि गोमाला झोपडीतून कोणी उठवू नये.

पुढे श्रेष्ठीने आपल्या हाताने तरवडाचे बी वेचून अंगणात पेरले. पंखा त्याने बायकोला दिला. ती म्हणाली, देऊ नका, वारा घाला.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, विहाराच्या अंगणात सांगितली. तिथे तिस्स नावाचा भिक्खू परदेशी रोपाला तिसरी घागर घालत होता. शास्ता म्हणाले, "तेव्हाचा श्रेष्ठी तो आजचा तिस्स. गोमा तो आपल्याकडे पाणी भरणारा भद्दक. कुंभाराघरचं तान्हं मूल ती आज दारात तहानलेली उभी असलेली भिक्खुणी सोमा. आणि तो रेडा मीच होतो."

तिस्साने घागर रोपावरून बाजूला घेतली आणि उरलेले पाणी सोमेच्या ओंजळीत ओतले.

थोडक्यात भागवणे, आणि त्या थोड्यातलेही आधी तहानलेल्याला देणे, याला अल्पेच्छता म्हणतात. ही त्या गुणाची जातककथा.