काळविटासाठी शर्यतीचा कॉम्प्युटर

मुलांनो, जिथे दाट झाडी संपते आणि पिवळ्या गवताचे माळरान सुरू होते, तिथल्या चारोळीच्या झाडावर एक खार राहत असे. दिवसभर चारोळ्या गोळा करायच्या आणि ढोलीत नेऊन ठेवायच्या, हा तिचा उद्योग. ढोली भरली तरी तिला ती रिकामीच वाटे. तिच्या शेजारी, करवंदीच्या जाळीत, एक काळवीट राहत होता. तो पूर्वी जाळीत राहत नव्हता बरे का. पूर्वी तो माळावर असायचा आणि साऱ्या माळावर त्याच्याइतके वेगाने धावणारे कोणी नव्हते. तो धावायला लागला की खार हातातली चारोळी खाली ठेवून शेंड्यावर जाऊन बसायची. ती काम थांबवायची ते एवढ्याच एका गोष्टीसाठी.

पण त्या उन्हाळ्यात काळविटाचा मागचा पाय शिकाऱ्याच्या फासात अडकला. हिसडे देऊन देऊन त्याने तो सोडवला. जीव वाचला, पाय मात्र अधू झाला. त्या दिवशी तो जाळीत शिरला तो शिरलाच. तोंडासमोरची चार पाने खायची आणि पुरे म्हणायचे, असे चालले होते. त्याच्या बरगड्या दिसू लागल्या. खार रोज येऊन म्हणायची, "दादा, बाहेर ये ना जरा." आणि तो म्हणायचा, "उद्या येतो." असे किती उद्या गेले, ते खारीने मोजायचे सोडून दिले होते. हा असाच आत बसून संपून जाईल, या भीतीने तिचा जीव टांगणीला लागला होता.

त्या रानात एक जुनी रीत होती, तीही सांगून ठेवतो. जखमी जनावराच्या जखमेकडे कोणी बघायचे नाही. जखमेवर डोळा ठेवतो तो वाघ, असे तिथल्या आया पिल्लांना अगदी लहानपणी शिकवत. म्हणून काळविटाशी बोलायला येणारा प्रत्येक जण त्याच्या शिंगांकडे बघे, आभाळाकडे बघे, नाहीतर उगाच एखाद्या मुंगीकडे बघे. खारही तशीच. बिचारी मायेपोटीच नजर वळवायची.

एके दिवशी ती वानरांच्या वडावर गेली, तर तिथे एक वानर कॉम्प्युटरवर गाडीची शर्यत खेळत होता. हातात स्टीअरिंग, पायाखाली पेडल, समोर पडद्यावर सुसाट पळणारा रस्ता. वळण आले की वानर अख्खा डावीकडे कलायचा, मग उजवीकडे कलायचा, आणि त्याचे डोळे असे लकाकत होते की खार बघतच राहिली. असे डोळे तिने आधी फक्त काळविटाचेच पाहिले होते. "अरे, हा तर बसल्या बसल्या धावतोय!" ती ओरडली आणि तशीच घरी पळत सुटली. (रानात वीज कुठून आली, असे विचारू नका. जिथे वानर गाडी चालवतो, तिथे तेवढे चालायचेच.)

दुसऱ्या दिवशी सकाळी खारीने अर्धी ढोली रिकामी केली. साऱ्या उन्हाळ्याची कमाई ती! चारोळ्यांची पोती ओढत ओढत ती मोराच्या दुकानात पोचली. रानातल्या सगळ्यांना कॉम्प्युटरचे सुटे भाग विकायचे, हा मोराचा धंदा होता.

"शेठ, एवढ्या चारोळ्यांत शर्यतीचा कॉम्प्युटर बसवायचाय. चांगला बसवून द्या," खार म्हणाली.

"योग्य दुकानात आलीस!" मोर म्हणाला. "हे बघ, काचेचं कॅबिनेट. आत सात रंगांचे दिवे लागतात."

"अगंबाई!" खार म्हणाली.

"हे ग्राफिक्स कार्ड. पडद्यावरचं चित्र हे काढतं. यात जे सगळ्यात मोठं आहे ना, तेच घे. आणि पडदे तीन घे. एका पडद्यात काय मजा!"

मोर काही लबाड नव्हता. त्याला चमकते तेवढेच दिसायचे, एवढेच. आणि खारीचे म्हणाल तर, एकापेक्षा तीन बरे, हे तिला जन्मापासून माहीत होते. ती प्रत्येक गोष्टीला हो म्हणत गेली. शेवटी पोत्यांच्या तळाशी मूठभर चारोळ्या उरल्या आणि स्टीअरिंग, पेडल, शिवाय सगळ्यांना वीज पुरवणारा पॉवर सप्लाय घ्यायचा राहिला होता. मोराने कोपऱ्यातल्या खोक्यातून एक धुळकट पॉवर सप्लाय काढला, पिल्लांच्या खेळण्यातले एक स्टीअरिंग काढले आणि हलकी पेडले काढली. "हे काय, कुठलंही चालतं," तो म्हणाला. खारीला ते पटले.

संध्याकाळी सारे सामान जाळीपाशी मांडून झाले. सात रंगांचे दिवे लागले, तेव्हा काळविटाने आतून मान बाहेर काढली. खारीने त्याला कसेबसे आणून बसवले. पडद्यावरची गाडी घरघरली आणि किती दिवसांनी त्याचे कान ताठ उभे राहिले.

गाडी निघाली. पहिले वळण आले. काळविटाने ब्रेक दाबायला पाय उचलला, पण पाय काही वाकेना, आणि पेडल जमिनीवरून घसरत लांब गेले. गाडी भिंतीवर आदळली. त्याने पुन्हा सुरू केली, पुन्हा आदळली. तिसऱ्या खेपेला त्याने ओठ घट्ट मिटले, गाडी भरधाव सोडली, आणि ऐन वेगात खाडकन सारे बंद पडले. तीन पडदे, सात रंग, सगळेच काळे.

काळविटाने खूर स्टीअरिंगवरून काढून घेतले. मग हळू आवाजात म्हणाला, "माझ्यामुळे मोडलं का गं?"

"नाही रे दादा! तुझ्यामुळे कसं मोडेल?"

पण तो उठला आणि खुरडत जाळीत गेला. दुसऱ्या दिवशी तो पाणी प्यायलाही बाहेर आला नाही. खारीला इतके वाईट वाटले, की त्या दिवशी तिने एकही चारोळी गोळा केली नाही. आपण चांगले करायला गेलो आणि त्याला आणखी आत ढकलले, हेच तिच्या मनात घोळत होते. उरलेली अर्धी ढोलीही रिकामी करावी आणि आणखी मोठे कार्ड आणावे, असे तिने ठरवलेसुद्धा. पण बंद पडलेले आधी कोणाला तरी दाखवावे, म्हणून ती साळूमावशीला बोलावून घेऊन आली.

साळूमावशी म्हणजे अंगभर काटे असलेली साळू. रानातले बिघडलेले सगळे तिच्याकडे दुरुस्तीला जायचे. स्क्रू काढायला, तार सोलायला, बारीक फटीतली धूळ काढायला तिला हत्यार शोधावे लागत नसे. पाठीवरचा हवा तो काटा काढला की झाले. तिने काचेचे कॅबिनेट उघडले, आत नाक घालून वास घेतला आणि म्हणाली, "पॉवर सप्लाय जळलाय. घोटभर पाण्याच्या ओढ्यावर हत्तींचा कळप आणून सोडलास गं बाई. ते एवढं मोठं कार्ड आणि हे तीन पडदे, त्याला कसे झेपणार?"

"मग आणखी मोठं काय काय आणू?" खारीने डोळे पुसत विचारले.

"थांब. यावर बसणार कोण?"

"काळवीटदादा."

"पाय कुठला अधू आहे त्याचा? डावा की उजवा?"

खारीला ते माहीतच नव्हते. इतके महिने ती दिवसातून दोनदा त्याच्याजवळ जाऊन बसत होती, आणि त्याचा कुठला पाय दुखतो, हे तिला माहीत नव्हते.

"मावशी, आपण बघत नाही ना तिकडे," ती पुटपुटली.

"हं. मग पेडल कुठल्या पायाखाली लावू?" साळूमावशी म्हणाली. ती रागावली नव्हती. तिला खरेच जाणून घ्यायचे होते.

खार जाळीत शिरली. काळवीट अंग चोरून बसला होता. तिची छाती अशी धडधडत होती, जशी ससाण्याची सावली पडल्यावर धडधडते. पण ती त्याच्या अगदी जवळ गेली आणि म्हणाली, "दादा, पाय दाखव."

काळवीट दचकला. "काय?"

"तुझा पाय. मला बघायचाय. कुठे दुखतो ते सांग."

काळविटाने डावा मागचा पाय हळूच पुढे घेतला. घोट्याच्या वर फासाचा वण होता, केस झडलेला, गोल. खारीने तो नीट बघितला. तिच्या डोळ्यांतून पाणी आले, तरी ती बघत राहिली.

"इथपर्यंत वाकतो," काळवीट म्हणाला. "पुढे नाही वाकत. ढग आले की ठणकतो." मग तो पुढे म्हणाला, "खारे, कळपातले सगळे येऊन जातात गं. आभाळाकडे बघून बोलतात. मला वाटायचं, माझा पाय बघायचीसुद्धा किळस येते त्यांना."

"किळस नाही रे दादा," खार म्हणाली आणि त्याच्या मानेला बिलगून रडली. तोही रडला. साळूमावशी बाहेर काटे पुसत थांबली होती. तिने घाई केली नाही.

मग खार पुन्हा मोराच्या दुकानात गेली, पण या वेळी साळूमावशी बरोबर होती. मोराने काचेचे कॅबिनेट परत घ्यायला जराही कुरकुर केली नाही, कारण ते विकल्यापासून त्यालाच चुकल्याचुकल्यासारखे वाटत होते. दोन पडदे आणि ते मोठे कार्डही त्याने परत घेतले. त्या बदल्यात साळूमावशीने पत्र्याचे साधे कॅबिनेट घेतले आणि एका पडद्याला पुरेल एवढे मधले कार्ड घेतले. पॉवर सप्लाय मात्र तिने चांगला भारदस्त निवडला. उरलेले सगळे स्टीअरिंगवर आणि पेडलवर खर्च झाले. स्टीअरिंग असे, की वळणावर हाताला खरी ओढ लागावी आणि रस्ता खडबडीत असला की ते थरथरावे. "गाडी त्याला खुरांतून कळायला हवी," साळूमावशी म्हणाली. "दिवे बघून कळत नाही." मोराला हे मुळीच पटले नाही.

जाळीपाशी आल्यावर मात्र दर खिळ्याला साळूमावशी काळविटाला विचारत होती. अ‍ॅक्सिलरेटर उजव्या पायाखाली, फळीवर घट्ट ठोकलेला. ब्रेक पायाखाली ठेवलाच नाही. त्याची दांडी केली आणि पुढच्या खुराला सहज लागेल अशी स्टीअरिंगच्या बाजूला बसवली. खूर घसरू नयेत म्हणून ती स्टीअरिंगला वेलीचे वेढे बांधू लागली, तेव्हा काळवीट एकदम मागे सरला.

"मावशी, वेढा नको," तो म्हणाला. "फासासारखा वाटतो."

"बरं झालं बोललास," ती म्हणाली, आणि वेल टाकून देऊन तिने काट्याने खुरांच्या मापाच्या खाचा कोरल्या.

गाडी सुटली. पहिले वळण आले. काळविटाने दांडी ओढली, स्टीअरिंगने ओढ दिली, त्याने त्याहून जोराने ओढले, आणि गाडी वळणावरून सुरेख निघून गेली. तो डावीकडे कलला. मग उजवीकडे कलला. खार टाळ्या पिटणार होती, इतक्यात तो म्हणाला, "सगळं आहे गं. फक्त वारा नाही."

पंखा काही कोणी आणला नव्हता. खार टुणकन पडद्याच्या वर चढली, त्याच्याकडे पाठ केली आणि आपली झुबकेदार शेपटी त्याच्या तोंडासमोर भराभरा हलवू लागली. काळविटाच्या कपाळावरचे केस उडू लागले. त्याने डोळे किलकिले केले, माळावर धावताना करायचा तसे, आणि तो मोठ्याने हसला.

अकरा गाड्यांत त्याचा नंबर अकरावा आला. त्याला ते इतके गमतीचे वाटले, की तो पुन्हा खेळला आणि पुन्हा अकरावा आला. तिसऱ्या शर्यतीनंतर तो फळीवरून खाली उतरला, चार पावले लंगडत उघड्या माळावर गेला आणि गवत खाऊ लागला. पोट भरेपर्यंत खात राहिला. चरणाऱ्या कळपातले एक पाडस जवळ आले, त्याच्या पायाकडे बघून म्हणाले, "काका, इथे दुखतं?" पाडसाची आई घाबरून धावत आली, पण काळवीट म्हणाला, "विचारू दे गं त्याला." आणि त्याने पाडसाला सगळे सांगितले.

परत आला तेव्हा खार फळीवर पाय पसरून बसली होती. काळविटाने पडद्याकडे बघितले नाही, स्टीअरिंगकडेही बघितले नाही. तो खाली वाकला आणि म्हणाला, "तीन शर्यती शेपटी हलवलीस तू. बघू इकडे, कुठे दुखतंय?"

"इथे. बुडापाशी," खार म्हणाली आणि तिने शेपटी त्याच्यासमोर धरली.

तात्पर्य : कोणासाठी काही निवडायचे असेल, तर दुकानाकडे बघण्याआधी त्या माणसाकडे बघावे, आणि त्याचे कुठे दुखते हे न लाजता विचारावे.