केवड्याविना लेप

एका राज्यात सारे लेप नाकाने पारखले जात. राजा शूलपाणीपुढे डबी उघडायची, राजाने वास घ्यायचा आणि मान डोलवली की राजमुद्रा उठायची. कातडीला विचारायची रीतच नव्हती. असा तो राजेशाही शहाणपणा.

एकदा काळजिह्व नावाचा मांत्रिक व्यापाऱ्याच्या वेषात आला. त्याचा लेप इतका सुवासिक होता की राजाने तत्क्षणी मुद्रा दिली. राजकन्या कुमुदिनीने तो हातांना लावला आणि तिच्या बोटांवर झाडाची साल चढली.

मांत्रिक म्हणाला, "साल ओठांशी पोचली की हिचं झाड होईल. उन्हात न फुटणारा, बर्फात न बिघडणारा आणि राजाच्या अंगाला न बाधणारा लेपच हिला सोडवील." एवढे बोलून तो धूर होऊन गेला.

राजवैद्य मंदारिका कामाला लागली. बाई तोंडाने फटकळ, पण हाताला गुण होता. तिने तेल, पाणी आणि मुळ्यांचा रस एकत्र घोटून उन्हात ठेवला.

"तेल वर, पाणी खाली," तिची साळुंकी म्हणाली.

मंदारिकेने मेंढीच्या लोकरीचे मेण घातले. लेप उन्हात टिकला. मग साळुंकी डबी घेऊन हिमशिखरावर गेली, तर लेप रवाळ झाला. मंदारिकेने मेण कमी केले आणि खांदे भरून येईपर्यंत घोटले. पुढच्या खेपेला लेप शिखरावरून लोण्यासारखा परत आला.

तोवर साल गळ्याशी आली होती. राजा धावत आला.

"आता लावा."

"आधी तुमच्या हाताला, महाराज. मग सकाळपर्यंत थांबायचं."

"थांबायला वेळ कुठे आहे?"

"मागे थांबला नाहीत, म्हणूनच ही वेळ आली."

राजाने बाही सारली. पण सवय कुठे जाते? त्याने डबी हुंगली आणि नाक मुरडले. "मेंढीचा वास येतो. केवड्याचं अत्तर घाला." मंदारिका थकली होती, वाद नको म्हणून तिने अत्तर घातले. तिथेच ती चुकली. सकाळी राजाच्या हातावर लालभडक गांधी उठल्या.

"लेप बाधला की केवडा?" राजाने विचारले.

"ठाऊक नाही, आणि ठाऊक असल्याचं सोंग मी करणार नाही."

तिने राजाच्या दुसऱ्या हाताला मनगटाशी नुसते अत्तर आणि कोपराशी केवड्याविना लेप लावला. राजा लेकीच्या उशाशी बसून राहिला. उजाडेपर्यंत साल तिच्या हनुवटीला टेकली. आता चूक झाली, तर नवा लेप करायला सवड नव्हती.

"बाबा, खाजतंय का?" राजकन्येने विचारले.

"नाही गं."

"माझ्यासाठी खोटं बोलू नका."

राजाने उजेडात हात धरला. "मनगटाशी खाजतंय. कोपराशी काही नाही. खरंच काही नाही."

मंदारिकेने निरखून पाहिले आणि होकाराची मान हलवली. लेप लागला तशी हनुवटीवरची साल सुटली, मग गळ्यावरची, शेवटी बोटांवरची. काळजिह्वाची विद्या त्यानेच आटली, आणि त्या दिवसापासून राजमुद्रा नाकाला न विचारता हाताला विचारून उठू लागली.

पण ते सारे मागाहून. त्या सकाळी राजकन्येने आपल्या मोकळ्या बोटांनी बाबांचे मनगट हलकेच खाजवले, आणि राजा भर महालात लहान मुलासारखा रडला. त्याचा जीव भांड्यात पडला, तसा ऐकणाऱ्यांचाही पडो.