उत्तम शुक्रवारची भाकर

"माझं कुणी खरं मानलं नाही. एकानंही नाही. आता तुम्हीच सांगा पाळकसाहेब, उत्तम शुक्रवारी, साऱ्या मंडळीचा उपास असताना, तुम्ही भाकर खाल्ली का नाही?"

दबोरा देवळाच्या मधोमध उभी होती. पंचांनी नाव पुकारून तिला उभं केलं होतं क्षमा मागायला. ती जाब विचारत होती.

पुनरुत्थानाचा रविवार, म्हणजे ईस्टर. मेजावर प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला, वर पांढरं कापड. पाळकांनी उपास मोडला असं ती दोन दिवस सांगत सुटली होती, म्हणून पंचांनी आधीच ठरवलं होतं. दबोरानं भरल्या मंडळीत पाळकांची क्षमा मागायची, नाहीतर तिला प्रभुभोजन द्यायचं नाही. म्हणजे घरच्या पंगतीतून हात धरून उठवल्यासारखंच. दबोराला ते कळत होतं. तरी मान ताठ.

समोर व्यासपीठावर शांतवन पाळक. थकलेला माणूस. उपासाच्या दिवसांत दिवसभर पाण्यावर राहणारा, अशी त्यांची ख्याती पार तालुक्यापर्यंत. दबोराला बायबल वाचायला त्यांनीच शिकवलं, ती परकर नेसायची तेव्हा.

"खाल्ली," पाळक म्हणाले.

दबोरानं मागच्या बाकांकडं हात केला.

"जोरात सांगा. मागं ऐकू जात नाही."

"खाल्ली. सकाळी. दूध-भाकर."

"आणि बारा वाजता व्यासपीठावर चढून आम्हाला प्रभूच्या क्रुसावरच्या 'मला तहान लागली आहे' या शब्दांवर संदेश दिलात! आमच्या तोंडाला कोरड, आणि तुम्ही ढेकर दाबून बोलताय."

मागच्या बाकावर एक पोरगी फिसकन हसली. आईनं तिला चिमटा घेतला.

अमृतराव पंच उठले. "पाळकसाहेब, हिला झाकायला तुम्ही आपल्या अंगावर घेताय. आम्हाला कळतं."

"नाही हो. तिनं पाहिलं ते खरं आहे."

दबोरानं पदर खांद्यावर ओढला. जिंकली ती. तेव्हाच खाली बसली असती तर मिटलं असतं. पण तोंडाळ बाई ती.

"ताटं दोन होती," ती म्हणाली. "विहिरीवरून मला तुमच्या खिडकीत दोन दिसली. दुसरं कुणाचं? त्याचंही नाव होऊ द्या. तोही इथंच बसला असंल, प्रभूच्या मेजाकडं डोळे लावून."

पाळकांनी समोरचं बायबल मिटलं.

"सांगा ना!"

"नको विचारू, दबोरा."

"का नको? मला उभं करताना कुणी म्हणालं का, नको?"

बायकांच्या बाजूला बाक करकरला. सगुणाबाई उठत होती. दबोराची सासू. साखरेचा आजार, काठीशिवाय चालणं नाही. पाळकांनी हातानं खुणावलं, बसा.

ती बसली नाही.

"दुसरं माझं व्हतं," ती म्हणाली. "सकाळची गोळी घेतली, मग डोळ्यांम्होरं अंधारी आली. घरी चूल बंद. म्हणून गेले. पण मला एकटीला घास उतरंना, उपास मोडायची लाज वाटली. मग ते बसले माझ्यासंगं जेवायला."

दबोराच्या हातातला पदर हातातच राहिला.

मग सुरू झालं.

"आजारी म्हातारीला उपाशी ठेवती!"

"आणि वर पाळकांची झडती घेती!"

"काळीज हाय का धोंडा गं तुझं?"

काल तिला खोटारडी म्हणणाऱ्या याच बाया. आज तिचं खरं निघालं, म्हणून त्यांना दुसरं काही हवं होतं. मिळालं.

अमृतरावांनी हात वर केला. "आता क्षमेचं राहिलंच नाही. हिला प्रभुभोजन बंद. आज नाही, पुढंही नाही."

दबोरा मेजावरच्या पांढऱ्या कापडाकडं बघत राहिली.

पाळक व्यासपीठावरून उतरले. सावकाश, एकेक पायरी. तिच्यासमोर येऊन थांबले.

"चूल का बंद ठेवलीस?"

दबोरानं सासूकडं पाहिलं.

"बोल. आत्तापर्यंत खरं बोललीस, आता कशाला घाबरतेस?"

"तुम्ही सांगितलं होतं."

"काय सांगितलं होतं?"

"घरातल्या एकाच्या तोंडात घास गेला… तर साऱ्या घराचा उपास मोडला."

"म्हातारं, आजारी, लेकुरवाळी यांचं काय सांगितलं होतं?"

दबोरानं आठवून पाहिलं.

"काहीच नाही."

पाळकांनी होकाराची मान हलवली. अमृतराव मेजाजवळ अवघडून उभे. त्यांना एवढंच कळलं होतं की हातात धरलेला गुन्हेगार सुटत चालला आहे.

"अहो पाळकसाहेब, पण कुणाला तरी दोष लावावा लागंल ना! साऱ्या मंडळीत बोभाटा झालाय."

"लागेल."

सगुणाबाई अजून काठीवर भार टाकून उभीच होती. पाळकांनी दबोराच्या कोपराला हात लावून तिला बाजूला केलं.

"जा. सासूला धर."

दबोरा गेली. जन्मात पहिल्यांदा उलट न बोलता गेली. म्हातारीला कवेत धरून बाकावर टेकवलं, आणि तिच्या पायांशी खाली जमिनीवर बसली.

ती उभी होती ती जागा मोकळी झाली. पाळक तिथं उभे राहिले. मंडळीकडं तोंड केलं. हात जोडले.

"अमृतराव, पुकारा," ते म्हणाले. "क्षमा मागायला उभा आहे… शांतवन."