रोजचा गुरुवार

एका तालुक्याच्या गावी दुकानांचे गाळे मिळवून देणारा एक दलाल राहत होता. त्याचं नाव भालचंद्र गुंजाळ. सगळे त्याला भालूअण्णा म्हणत.

दलाल म्हटलं की लोक आधी खिसा चाचपतात. अण्णाचं तसं नव्हतं. त्याची एक पद्धत होती. गाळा रिकामा झाला की तो समोर स्टूल टाकून सकाळपासून दिवेलागणीपर्यंत बसे. डाव्या खिशात चिंचोके आणि खडे घेई. समोरून बाई गेली की एक चिंचोका उजव्या खिशात, पुरुष गेला की एक खडा. येणारे-जाणारे चेष्टा करत.

"काय अण्णा, आमचा खडा टाकला का?"

"टाकला. परत फिरून आलात तर धरणार नाही हं!"

गावचा बाजार गुरुवारचा. त्या दिवशी अण्णा मोजायलाही बसत नसे आणि कोणाला गाळाही दाखवत नसे. "गुरुवारी काय, स्मशानाबाहेरसुद्धा गर्दी असते," तो म्हणे. "गाळा बघायचा तर सोमवारी या." दुकान सुरू झालं की महिन्याभराने हा माणूस पुन्हा तिथे जाई, तेही सोमवारीच. अर्धा कप चहा घेई आणि विचारी, "कसं चाललंय? खरं सांगा." चालत नसेल तर दुसरी जागा शोधून देई. त्याला ना पाटी होती, ना जाहिरात. पण अण्णाने मोजलंय म्हटलं की लोक डोळे मिटून कुलूप घेऊन येत.

त्याच गावात इंदुमती कोष्टी नावाची एक बाई साड्यांना फॉल-पिको करून द्यायची. नवरा गेल्यावर अण्णानेच तिला एसटी स्टँडजवळ इवलासा गाळा मिळवून दिला होता. तीन सोमवार मोजून. बाजाराला जाणाऱ्या बायका जाताना साडी टाकत आणि येताना घेऊन जात. एका मशीनवर इंदू बसे, दुसऱ्यावर तिची जाऊ. त्या गाळ्यावर तिने बारा वर्षं घर चालवलं आणि मुलीला नर्सिंगला घातलं.

पुढे गावाबाहेर, बैलबाजाराच्या मैदानाला लागून, कटारेशेठ नावाच्या बांधकामवाल्याने मोठं संकुल उभं केलं. खाली वीस गाळे, वर वीस गाळे, सगळ्यांना काचेची दारं. शेठने अण्णाला बोलावून घेतलं.

"अण्णा, चिंचोके मोजून कुठे धंदा होतो का? जाहिरात करा! संबंध वाढवा! दसऱ्यापर्यंत दहा गाळे द्या, पुढची सगळी कामं तुमचीच."

शेठने स्वतःच्या खर्चाने चौकात अण्णाच्या फोटोचा फलक लावला. अण्णाच्या नावाची कॅलेंडरं घरोघर गेली. मोबाइलवर जुन्या गिऱ्हाइकांची यादी झाली आणि रोज सकाळी सगळ्यांना गुलाबाच्या फुलासकट 'शुभ सकाळ' जाऊ लागलं. महिन्याभराने चहाला जाणं मात्र बंद झालं. आता संबंध मोबाइलवर होते ना!

अण्णाचंही वय झालं होतं. स्टुलावर बसून पाठ धरायची. त्याच्या बायकोनेच मला हे पापड लाटताना सांगितलं. म्हणून त्याला अगदीच वाईट म्हणवत नाही.

नऊ गाळे गेले. दसरा चार दिवसांवर आला. दहाव्यासाठी अण्णाला इंदूची आठवण झाली. तो तिला वरच्या मजल्यावरचा गाळा दाखवायला घेऊन गेला. बैलबाजार भरला होता, मैदान माणसांनी फुललं होतं.

इंदू कठड्याशी उभी राहून बघत होती. मग म्हणाली, "अण्णा, आज गुरुवार ना? तुम्ही तर गुरुवारी दाखवत नाही."

अण्णा जरासा थांबला. मग हसला.

"इथे रोजच गुरुवार असतो, ताई."

"मोजलंत ना?"

"मोजलं."

तिने पुढे काही विचारलं नाही. खालची सगळी माणसं बैल घ्यायला आली होती. त्यांत चिंचोके किती आणि खडे किती, हे अण्णाला न मोजताही दिसत होतं. तो किल्ली फिरवत राहिला.

अनामत भरायला इंदूने एक मशीन विकलं. जुना गाळा सोडला. चार दिवसांत तिथे मोबाइलचं दुकान आलं.

नव्या गाळ्यात पंखा होता, काच होती, फक्त बायका नव्हत्या. हातात पिशव्या घेऊन जिना चढणार कोण? आणि गावाबाहेर येणार तरी कशाला? आठवड्यात दोन साड्या येत, त्याही ओळखीच्यांच्या. जाऊ दुसरीकडे कामाला लागली. मुलीचं शेवटचं वर्ष राहिलं, ती घरी परत आली. इंदूच्या मोबाइलवर रोज सकाळी अण्णाचा गुलाब मात्र न चुकता यायचा.

दिवाळीनंतर एका सोमवारी अण्णा दुसऱ्या कोणाला तरी शेजारचा गाळा दाखवायला आला. इंदू दाराशी बसली होती. तिची मूठ झाकलेली होती.

"काय ताई, काय धरलंय हातात?"

तिने मूठ उघडली. आत तीन चिंचोके होते.

"सकाळपासून तीन, अण्णा. एक वॉचमनची बायको. ती परत खाली गेली, तो दुसरा. तुम्ही परत फिरलेलं धरत नाही, मी धरलं. आणि तिसरी मीच."

अण्णाबरोबर आलेला माणूस जिना उतरून गेला. अण्णाला खाली बघवेना, वर बघवेना.

"ताई, तुम्ही मला शिव्या तरी द्या."

"शिव्या कशाला? मी मोजायला हवं होतं. पण मला वाटलं, तुम्ही मोजलंय."

तिथून अण्णा तडक शेठकडे गेला. "तिला मोकळं करा. अनामत परत द्या." शेठने करार दाखवला. तीन वर्षांचा होता. शेठ म्हणाला, "सही करताना तुम्हीच साक्षीदार होता की, अण्णा!" मग अण्णा इंदूचा जुना गाळा परत मागायला मोबाइलच्या दुकानदाराकडे गेला. दुकानदाराने हात जोडून नकार दिला.

अण्णाने चौकातला फलक उतरवला. गुलाब पाठवणं थांबवलं. पुन्हा स्टूल काढलं. मुलींच्या शाळेसमोर एक गाळा रिकामा झाला होता, तिथे तो तीन सोमवार बसला. मुलींना सोडायला आया यायच्या, न्यायलाही त्याच यायच्या. तिसऱ्या सोमवारी खिसा चिंचोक्यांनी जड झाला. तो तसाच उठला आणि इंदूच्या घरी गेला.

ती ओट्यावर बसून हाताने फॉल लावत होती. उरलेलं मशीनही विकलं होतं.

"ताई, जागा मिळाली. एकशे बारा बायका! एकसुद्धा दोनदा धरली नाही. मालकाशी बोललोय, अनामत मी भरतो. मशीनही भाड्याने बघतो. फक्त तुम्ही चला."

इंदूने दोरा दाताने तोडला.

"आज वार कोणता, अण्णा?"

"सोमवार."

"तुमच्याकडे रोजच गुरुवार असतो ना?"

ती टोचून बोलली नव्हती. बोलण्यात राग असता तर अण्णाने पाय धरले असते. तिने फक्त सुई ओवली आणि पुढची साडी ओढून घेतली.

अण्णाने खिशातून चिंचोके काढून ओंजळीत धरले आणि तो तसाच उभा राहिला. एकशे बारा होते. एकूण एक खरे होते. पण बघायला तिने मान वर केली नाही.

शाळेसमोरचा तो गाळा अजून बंदच आहे. अण्णा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो, जागा चांगली आहे, मी मोजलंय. इंदूची गोष्ट एव्हाना गावभर झाली आहे. लोक हसतात आणि विचारतात, "कोणत्या गुरुवारी, अण्णा?"

तात्पर्य: गिऱ्हाईक दलालाकडे नुसती जागा बघायला येत नाही, ती दलालाच्या डोळ्यांनी बघायला येतं. ते डोळे एकदा विकले की पुढे कितीही खरं दिसलं, तरी कोणाला दाखवता येत नाही.