झेंडूच्या माळेचा लगाम

पाय पोटाशी घ्या. पांघरूण ओढू नका. ते एकच आहे आणि तुम्ही तिघे आहात. हात जोडून झाले? मग ऐका.

एक होता राजा. त्याचे नाव भैरवसेन. राजा देवभक्त, वचनाला पक्का, पण मूठ फार घट्ट. दानाच्या बाबतीत नव्हे, बरं का. दानाला हात मोकळाच होता. मूठ घट्ट होती ती लगामावर. त्याच्या पागेतले घोडे त्याची आज्ञा पाळत; पण राजा दिसला की कान मागे पाडत.

राजाला एकच मुलगी, इंदुमती. बापाचे तेज तिने घेतले होते. बापाचा रागही घेतला होता.

पागेत एक शिंगरू होते. रंगाने पारव्यासारखे, म्हणून नावही पारवा. इंदुमतीच्या हातचा गूळ खात ते वाढले. अंगाने भरले. पाठ स्वारी पेलण्याजोगी झाली. मग राजाने लोखंडी कडीचा लगाम आणवला. पारव्याने पहिल्यांदा दात आवळले. दुसऱ्यांदा मान उंच केली. आणि तिसऱ्यांदा राजालाच उचलून कडब्यात बसवले. हसू नका. राजा होता तो.

राजा उठला. मिशीतली काडी काढली आणि म्हणाला, "दसऱ्यापर्यंत हा पाठीवर माणूस घेऊन नीट चालला, तर पागेत राहील. नाहीतर दसऱ्याच्या संध्याकाळी मिठाच्या तांड्याबरोबर जाईल, ओझी वाहायला."

"आबासाहेब, तो लहान आहे हो!"

"लहानपणी वळण लावायचं नाही, तर कधी लावायचं?"

बोलणे खरे होते. रीत तेवढी चुकीची होती.

मग इंदुमती टेकडीवर डोंगराई देवीच्या देवळात गेली. पायरीवर एक म्हातारी फुले ओवत बसली होती. तिने सारे ऐकून घेतले, आणि अंबाडीचा एक दोर दिला. "नुसता गळ्यात बांध. पण ओढू नकोस हो."

इंदुमतीने दोर पारव्याच्या गळ्यात बांधला आणि वर बसली. तिला जायचे होते उजवीकडे. पारव्याला दिसला डावीकडे हरभरा. इंदुमती रागावली. तिने दोर खस्सकन ओढला. दोर तुटला, आणि राजकन्या चिखलात!

मग ती पुन्हा टेकडी चढली. "आजी, दोर तुटला."

"तुटला, की तू तोडलास?" म्हातारीने विचारले. आता तिने कच्च्या सुताचा धागा दिला. तो काय टिकणार? पारवा थांबेना, म्हणून इंदुमतीने ओढला, आणि तोही तुटला. राजकन्या पुन्हा चिखलात.

मग ती तिसऱ्यांदा गेली, ती पाय आपटतच. "आजी, जरा बळकट काही द्या ना! तुम्ही दर वेळी आधीपेक्षा नाजूक देता."

"आणि तू दर वेळी आधीइतकंच ओढतेस," म्हातारी म्हणाली. तिने मागे हात नेला आणि झेंडूच्या फुलांची माळ पुढे केली. "ही शेवटची. रागाने हात चालवलास, की एक फूल गळेल. हात शांत ठेवलास, तर ही दसऱ्यापर्यंत कोमेजणार नाही. सगळी फुलं गेली, तर माझ्याकडे दुसरं काही नाही."

इंदुमती नमस्काराला वाकली. वर पाहते, तो पायरी रिकामी. गाभाऱ्यात देवीची मूर्ती होती तशीच होती. फक्त गळ्यात रोजची माळ नव्हती. समजले ना? इंदुमतीलाही समजले.

आता ओढायचे नाही. मग घोड्याला सांगायचे कसे? इंदुमती आधी नुसती पारव्याजवळ उभी राहू लागली. तो जवळ आला की मान खाजवी. दूर गेला की जाऊ देई. मग ती पाठीवर बसली. जिकडे जायचे तिकडे पाहू लागली, आणि अंगाचा भार किंचित तिकडेच टाकू लागली. पारव्याला पाठीवरचा भार कळे. तो तिकडे वळे. ताठ बसून श्वास घेतला की तो चाले. मोठा श्वास हळूच सोडला की तो थांबे. माळ त्याच्या गळ्यात नुसती डुले.

एकदा त्याने तिच्या शेल्याचे टोक चावून खाल्ले. त्या दिवशी एक फूल गळले. पण एकच, बरं का.

म्हातारा मोतद्दार सटवोजी घोड्यांना दाणापाणी देई. तो तोंडाला हात लावून म्हणाला, "बाईसाहेब, लगाम कुठं हाय?"

"मला घातलाय, सटवोजीकाका," इंदुमती म्हणाली.

राजाने मात्र लांबूनच पाहिले. "फुलांनी पूजा होते," तो म्हणाला, "स्वारी होत नाही."

मग आली खंडेनवमी. त्या दिवशी शस्त्रे आणि अवजारे पूजेत मांडतात, आणि पूजा उठेपर्यंत त्यांना हात लावत नाहीत. राजाची भक्ती मोठी. त्याने सांगितले, "पागेतला एकही लगाम, एकही खोगीर, एकही दोर बाहेर राहता कामा नये." सगळे देवीपुढे मांडले. मग जोशीबुवांनी पंचांग पाहिले आणि ते घाम पुसू लागले. पूजा उठवण्याचा मुहूर्त निघाला दसऱ्याच्या भर दुपारचा!

यात अडचण काय? सांगते. शेजारच्या नगाजीराजाशी जुना ठराव होता. सीमेवर मोठे कुरण होते आणि कुरणात आपट्याचे झाड. दसऱ्याला सूर्य उगवला की दोन्हीकडून एकेक स्वार निघे. घोड्यावर बसूनच जो आधी पान तोडील, त्याच्या गुरांना वर्षभर ते कुरण. पायउतार झाला, तर हरला.

दसऱ्याचा सूर्य उगवायला आला. सटवोजी लगामाशिवायच राजाच्या मोठ्या घोड्यावर बसला. घोडा ऐटीत निघाला आणि थेट कडब्याच्या गंजीशी जाऊन जेवायला लागला. सटवोजी वरून ओरडतोय, "आरं, तिकडं न्हाई!"

जोशीबुवा चाचरत म्हणाले, "महाराज, एक लगाम हळूच काढला, तर..."

"देवीपुढे मांडलेलं उचलणार नाही," राजा म्हणाला. "कुरण गेलं तरी चालेल."

मग इंदुमती पुढे झाली. "आबासाहेब, पारव्याचं पूजेत काहीच नाही. मी जाऊ?"

राजाने तिच्याकडे पाहिले. "पडलीस तर?"

"त्याची मला सवय आहे."

राजाला हसू आले. "जा. देवी पाठीशी आहे."

पारवा निघाला वाऱ्यासारखा. कुरणाच्या कडेला नगाजीची गाठ पडली. घोडा काळाभोर, खोगीर चांदीचे, लगाम दुहेरी.

"अगं पोरी," नगाजी ओरडला, "खोगीर उंदरांनी खाल्लं का?" इंदुमतीची मूठ वळली. एक फूल गळले.

"तुझा बाप देवघरात लपला वाटतं!" माळेला झटका बसला, दोन फुले गळली, आणि पारवा बिचकून मागे पडला.

मग इंदुमतीने देवीचे नाव घेतले. मूठ उघडली. नगाजी पुन्हा ओरडला, "घोडा कसला, मिठाचं तट्टू ते!" फूल गळले नाही. पारव्याने मान लांब केली आणि पाय उचलला.

तरी झाडाशी आधी पोचला तो नगाजीच. पोचला, पण थांबेल तर ना! त्याने लगाम खेचला. घोडा मागच्या पायांवर उभा राहिला. आणखी खेचला. घोडा गरगर फिरला. तिसऱ्यांदा खेचला, तेव्हा घोडा मुकाट्याने त्याला घेऊन काटेरी बोरीत शिरला.

इंदुमती झाडाखाली आली. तिने मोठा श्वास हळूच सोडला. पारवा थांबला, समईच्या ज्योतीसारखा स्थिर. तिने हात वर केला आणि पान तोडले.

दुपारी पूजा उठली. राजाने ती लोखंडी कडी उचलली, डोळ्यांना लावली आणि देवीच्या पायाशी कायमची ठेवून दिली. पारवा पागेतच राहिला. मिठाचा तांडा आला, जेवला आणि गेला. नगाजीने बोरीचे काटे काढले. राजाने त्याला निरोप धाडला, "तुमची गुरंही चरू द्या. गुरांनी काही ठराव केलेला नाही." आणि तो स्वतः अंबाडीचा दोर घेऊन मुलीपाशी शिकायला बसला. तोही चिखलात पडला. कोणी हसले नाही. म्हणजे, फारसे नाही.

उरलेली माळ इंदुमतीने देवीला परत वाहिली. ती तोवर ताजी होती.

संपली गोष्ट. जो आपला हात आवरतो, त्याच्यामागे घोडाही येतो आणि देवही उभा राहतो. आता मुठी सोडा. बघा, पांघरूण तिघांनाही पुरले. देवीचे नाव घ्या, मोठा श्वास हळूच सोडा, आणि निजा.